हिरव्या टेबलावरचं घड्याळ

मागच्या महिन्यात परभणीत स्टेशन रोडच्या बाजूला एका पूल पार्लरमध्ये बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर स्नूकरच्या शूटआउटचं जुनं रेकॉर्डिंग चालू होतं. खेळाडू वाकला, घड्याळ टकटकायला लागलं, प्रेक्षकांनी आरडाओरडा सुरू केला आणि त्या बिचाऱ्याने समोर दिसेल त्या लाल बॉलवर पांढरा हाणला. लाल पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर आला. दुसरा खेळाडू धावत टेबलापाशी आला, त्यानेही तेच केलं. शेजारी बसलेला पॉलिटेक्निकचा मुलगा खुशीत म्हणाला, "सर, हे भारी आहे. दहा मिनिटांत खेळ खलास. तुमच्या त्या मोठ्या मॅचा कोण बघत बसतंय?"

तिथे मी गप्प राहिलो. घरी आल्यावर मात्र राग शांत होईना, कारण तो मुलगा जे बोलला तेच आज या खेळाचे कारभारी बोलतात. दहा मिनिटांची एकच फ्रेम, पहिली पाच मिनिटं प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद आणि नंतरची पाच मिनिटं दहा. या प्रकाराला 2017 पासून रँकिंग स्पर्धेचा दर्जा आहे. म्हणजे अनेक दिवस, अनेक फ्रेम्स घासून जो मान मिळतो, त्याच मानाच्या पंगतीला ही धावपळ बसवली. कारण एकच दिलं जातं: टीव्हीला छोटं लागतं.

हे कारण खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा सगळ्यांना पाठ आहे. 1985 ची शेफील्डची जागतिक स्नूकर स्पर्धेची अंतिम लढत. स्टीव्ह डेव्हिस 8-0 ने पुढे, मग डेनिस टेलरने गाठत आणलेली बरोबरी, 17-17, आणि शेवटच्या फ्रेमचा शेवटचा काळा. ही गोष्ट सांगताना सगळे काळ्या बॉलवर थांबतात. मला त्या फ्रेमची लांबी महत्त्वाची वाटते. ती एकटी फ्रेम 68 मिनिटं चालली. त्यात शूटआउटच्या सहा लढती बसल्या असत्या. मध्यरात्र उलटून गेली तरी बीबीसी-2 समोर 1 कोटी 85 लाख माणसं बसून होती. ती झटपट निकालासाठी बसली असती तर अकरालाच झोपली असती. निकाल लागत नव्हता म्हणूनच ती बसली होती.

कोणी म्हणेल, टीव्हीवर स्नूकर रुजला तोच मुळी बीबीसीच्या 'पॉट ब्लॅक' या कार्यक्रमामुळे, आणि तिथेही एकाच फ्रेमचा सामना असे. खरं आहे. 1969 मध्ये रंगीत टीव्ही नवा होता, रंग दाखवायला रंगीत बॉलचा खेळ हवा होता. पण त्या एका फ्रेमला घड्याळ नव्हतं. आणि त्याच प्रेक्षकांना 1978 पासून शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहातली जागतिक स्पर्धा रोज दिसायला लागली, तेव्हा ते दिवसच्या दिवस बघत बसले. छोट्यावरून ते स्वतःहून मोठ्याकडे गेले. आता त्यांना उलट दिशेने ढकललं जातंय.

टीव्हीवर स्नूकर का रंगतो, याचा विचार या कारभाऱ्यांनी केलेला दिसत नाही. वर टांगलेल्या कॅमेऱ्यातून बारा बाय सहा फुटांचं अख्खं टेबल पडद्यावर मावतं. वाकलेल्या खेळाडूच्या डोळ्यांना जे एका रेषेत दिसतं, ते घरी बसलेल्याला नकाशासारखं वरून दिसतं. म्हणजे या खेळात प्रेक्षकाला खेळाडूपेक्षा जास्त दिसतं. दुसऱ्या कुठल्या खेळात हे सुख आहे? मग तो प्रेक्षक मनातल्या मनात खेळायला लागतो. निळा घेईल की गुलाबी? लालच्या पुंजक्यात पांढरा घुसवेल की बाजूने काढून घेईल? त्याचं ठरतं न ठरतं तोच खेळाडू तिसरंच काहीतरी करतो. पांढरा तीन कुशनांना लागून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला परततो आणि तपकिरीच्या पोटाशी टेकून थांबतो. समोरच्याला आता एकही लाल सरळ दिसत नाही. आपण मनात काय ठरवलं होतं आणि त्याने काय केलं, या दोन्हींतलं अंतर मोजण्यात खरी मजा आहे. त्यासाठी वीस-तीस सेकंद लागतात. दहा सेकंदांच्या घड्याळात खेळाडूला विचार करता येत नाही हे लोक बोलतात; आपल्यालाही करता येत नाही, हे कोणी बोलत नाही.

आणि ती खुर्ची. क्रिकेटमध्ये बाद झालेला पॅव्हेलियनमध्ये जाऊन दिसेनासा होतो. कुस्तीत दोघंही एकमेकांच्या अंगाला भिडलेले. इथे एक जण खेळतो आणि दुसरा काही फुटांवर क्यू उभा धरून, पाण्याचा घोट घेत, स्वतःची फ्रेम हातातून जाताना बघतो. त्याला उठता येत नाही, बोलता येत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो तेव्हा त्याची बोटं क्यूवर कशी सरकतात, नजर गुणफलकावर किती वेळा जाते, हे सगळं दिसतं. हा चेहरा तयार व्हायला वेळ लागतो. दहा मिनिटांच्या लढतीत खुर्ची तापतसुद्धा नाही.

लोकांना धीर राहिला नाही, असं म्हणणाऱ्याने आमच्या जिल्ह्यात एक रात्र काढावी. जनाबाईंच्या गंगाखेडला कीर्तन ऐकायला माणसं रात्र रात्र बसतात. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकणारी माणसं मध्यरात्रीनंतर जास्त रंगात येतात. पूर्वरंग झाल्याशिवाय उत्तररंग लागत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. धीर आहे. त्याला बघायला काही द्यायला हवं.

बाकीच्या प्रकारांबद्दल फार लिहायची गरज नाही. नाइन बॉल पूल दिसायला चकचकीत, पण निम्मा सामना ब्रेकच्या फटक्यातच ठरतो. पूलच्याच मॉस्कोनी कप स्पर्धेतली घोषणाबाजी टेबलावर काय चाललंय ते ऐकूच देत नाही. सिक्स रेडमध्ये नऊ लाल काढून टाकले की पुंजका फोडण्याचा प्रश्नच उरत नाही. पंकज अडवाणीने त्यातही जगज्जेतेपद मिळवलं, ही त्याची थोरवी, त्या प्रकाराची नव्हे. ट्रिक शॉट म्हणजे जादूचे प्रयोग.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. आपण ज्या खेळात जग जिंकलं तो स्नूकर नव्हे, बिलियर्ड्स. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरला जन्मला, तरी घर त्याने दुसरीकडे केलं. तीन बॉलच्या बिलियर्ड्सने मात्र आपल्याला विल्सन जोन्स दिला. पुण्यात जन्मलेला हा माणूस 1958 मध्ये कलकत्त्यात जगज्जेता झाला, कोणत्याही खेळातला भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता, आणि 1964 मध्ये पुन्हा झाला. मग मुंबईचा मायकेल फरेरा. मग गीत सेठी. 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत मुंबईच्या अशोक शांडिल्यने सुवर्ण आणलं. आणि आता पुण्यातच जन्मलेला अडवाणी, ज्याची जागतिक विजेतेपदं नोव्हेंबर 2024 मध्ये दोहात 28 झाली. एवढं सगळं आपलं, आणि टीव्हीवर यातला एक तासही आपल्या वाट्याला येत नाही.

दोष नुसता टीव्हीवाल्यांचा नाही. बिलियर्ड्सला त्याच्याच पूर्णत्वाने मारलं. 1907 मध्ये टॉम रीसने दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवले आणि त्यांच्यावर एकाच जागेवरून कॅनन मारत आठवड्यांमागून आठवडे चाललेला 4,99,135 चा ब्रेक केला. तो फटका नंतर बंद करावा लागला. 1932 मध्ये वॉल्टर लिंडरमने 4137 चा ब्रेक केला. गीत सेठीचा 1992 मधला 1276 चा ब्रेक मी कितीही डोक्यावर घेतला, तरी एक गोष्ट मान्य करतो: अशा ब्रेकमध्ये प्रतिस्पर्धी टेबलापाशी येतच नाही आणि बॉल बोटभर अंतराच्या आत हलत राहतात. जाणकाराला ते संगीत वाटतं. दिवाणखान्यात बसलेल्याला बॉल हलले की नाही हेच कळत नाही. लांब पल्ल्याच्या डावात तर निम्म्या वाटेतच निकाल दिसायला लागतो. 2023 मध्ये दोहात अडवाणीने सौरव कोठारीला 1000-416 असं हरवलं. कोठारी स्वतः जगज्जेता राहिलेला खेळाडू. त्या आकड्यात अडवाणीची सगळी ताकद आहे, आणि टीव्हीवर तो का चालणार नाही याचं कारणही.

यावर औषध आहे, ते तयार आहे आणि जागतिक स्पर्धेत वापरातही आहे. 150 गुणांचे डाव. जो आधी दीडशे करेल त्याचा डाव, मग पाटी पुन्हा कोरी. एकाने बहारदार ब्रेक केला तरी त्याला एकच डाव मिळतो. दोहातली 2024 ची अंतिम लढत आठवा. इंग्लंडच्या रॉबर्ट हॉलविरुद्ध पहिले तीन डाव अडवाणीचे. लांब पल्ल्याच्या हिशोबात सामना तिथेच संपला असता. इथे हॉलने पुढचे दोन डाव घेतले आणि 3-2 अशा अवस्थेत तो पुन्हा उभा राहिला. अडवाणीने सहावा डाव घेऊन 4-2 ने सामना मारला. खुर्ची दोघांनाही पुरेशी भोगावी लागली. मोठ्या स्नूकर सामन्यातला ताण यात आहे, आणि एक डाव तासभर रेंगाळतही नाही. घड्याळ न लावता खेळ आटोपशीर करायची हीच खरी युक्ती. गुण मोजा, सेकंद मोजू नका.

दीडशेच्या डावातला वरच्या टोकाचा खेळ एकदा जवळून बघा. लाल बॉल वरच्या ठिपक्यावर. तो पॉकेटमध्ये टाकला: तीन गुण. रेफरी तो परत ठिपक्यावर ठेवतो. आता पांढरा नेमका अशा जागी थांबलेला असतो की लालला हलका स्पर्श करून तो पिवळ्यावर जातो: कॅनन, दोन गुण. पुन्हा लाल, पुन्हा कॅनन. पाच-पाच करत तीस आवर्तनांत डाव. त्या हलक्या स्पर्शात सगळी कला आहे. तो केसभर जाड झाला की लाल कुशनला जाऊन चिकटतो आणि ब्रेक तिथेच अडतो. हे दाखवायला कॅमेरा टेबलाच्या काठाशी खाली आणावा लागतो, आणि सांगायला आपल्या भाषेत बोलणारा माणूस लागतो.

कॅनन कोणाला कळणार, असा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. कॅनन आणि कॅरम हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ज्याच्या घरी कॅरम बोर्ड आहे आणि ज्याने एका सोंगटीवरून दुसऱ्या सोंगटीला धक्का देऊन राणी काढली आहे, त्याला कॅनन शिकवावा लागत नाही. कोन त्याच्या बोटांत आहे. परभणीच्या गल्लीत, सेलूत, जिंतुरात, पाथरीत उन्हाळ्याच्या दुपारी दाराआड जे चालतं, त्याच्याच घरचं हे नातं आहे. त्याला इंग्रजी कुजबुजीतलं समालोचन ऐकवून आपण उगाच परकं केलं.

बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगितलं तेव्हाही काही लोकांना ते अशक्य वाटलंच असेल. शेतात रेडिओ घेऊन बसलेल्या माणसाला त्यांनी मैदान दाखवलं. इथे तर चित्र आधीच समोर आहे. फक्त "आता पांढरा लालच्या डाव्या अंगाला घासून जाईल, जाड लागला तर संपलं" एवढं कुणीतरी हळू आवाजात सांगायला हवं.

चीनकडे बघा. 2005 मध्ये अठरा वर्षांच्या डिंग जुनहुईने बीजिंगमध्ये स्टीफन हेंड्रीला हरवून चायना ओपन जिंकली, ती त्यांच्या सरकारी वाहिनीवर, त्यांच्या भाषेत लोकांनी बघितली. घड्याळ लावून नव्हे, पूर्ण लांबीच्या फ्रेम्समध्ये. वीस वर्षांनी 2025 मध्ये झाओ शिनटाँग शेफील्डला मार्क विल्यम्सला 18-12 ने हरवून जगज्जेता झाला. मधल्या काळात 2013 मध्ये मुंबईचा आदित्य मेहता दिल्लीत इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत त्याच डिंगसमोर उभा होता. तो 5-0 ने हरला, पण तो तिथवर पोहोचला होता. आमच्या पार्लरमध्ये त्याचं नाव मी दोन पोरांना विचारलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

2010 नंतर आशियाई खेळांतून बिलियर्ड्स-स्नूकरचा हा खेळ बाहेर गेला तेव्हा आपल्याकडे फारसा कोणी आवाज उठवला नाही. ज्या खेळाचं चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार? 2030 मध्ये दोहात तो परत येणार आहे. तेव्हा आपलं कोणी पदक घेऊन आलं तरी गावोगावच्या पेपरात दोन ओळी छापून येतील आणि लोक विचारतील, बिलियर्ड्स म्हणजे पूलच ना?

दूरदर्शन सह्याद्रीकडे माझं मागणं एवढंच आहे. या वर्षी एक अंतिम लढत दाखवा. मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या जिमखान्यात, चार डाव आधी घेणारा जिंकेल अशी, 150 गुणांच्या डावांची. एक कॅमेरा वर, एक टेबलाच्या काठाशी, एक खुर्चीवर. मराठी समालोचक. घड्याळ नको. एका संध्याकाळचं काम आहे. ती लागली की मी स्टेशन रोडच्या त्या पार्लरमध्ये जाऊन चॅनेल बदलायला लावीन आणि त्या पॉलिटेक्निकच्या मुलाला शेजारी बसवून घेईन.