एकटा राजा

प्राचीन इजिप्तच्या राजांविषयी आपल्याकडे जे वाचावयास मिळते, ते बहुधा पिरॅमिडांपासून सुरू होते आणि तुतनखामेनच्या सुवर्णमुखवट्यापाशी संपते. या राजांनी लिहवून घेतलेले, किंवा त्यांच्या नावे लिहिले गेलेले साहित्य, साहित्य म्हणून फारसे कोणी वाचीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा दोन रचना शेजारी ठेवणार आहोत. दोहोंत राजा स्वतः बोलतो. दोहोंत तो शत्रूंच्या गराड्यात एकटा सापडला आहे. एकीत देव धावून येतो, दुसरीत कोणीच येत नाही. आमच्या मते ही दुसरी रचना श्रेष्ठ होय.

प्रथम राजपदाविषयी थोडे. सत्य, न्याय आणि सृष्टीचा क्रम या साऱ्यांना मिळून इजिप्तमध्ये एकच शब्द होता, 'मात'. ही मात टिकवून धरणे हे राजाचे काम. देवळातील नित्यपूजा प्रत्यक्षात पुरोहित करीत; भिंतीवर मात्र देवासमोर नैवेद्य घेऊन उभा असतो तो राजाच. इ.स.पू. ३१००च्या सुमाराच्या नार्मरच्या पाटीवर राजा शत्रूचे केस धरून गदा उगारतो, आणि तीन हजार वर्षांनंतर रोमन सम्राटांनाही इजिप्तच्या देवळांवर तीच मुद्रा दिलेली आढळते. ती मुद्रा माणसाची नव्हे, पदाची. पदाला चूक नाही, भय नाही, आणि झोपही नाही.

आता ती रचना. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पहिल्या अमेनेमहातने बाराव्या राजवंशाची स्थापना केली. त्याचा बाप राजा नव्हता. तो स्वतः बहुधा आधीच्या राजाचा वजीर होता. 'अमेनेमहातची शिकवण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यात तो आपला मुलगा सेनुस्रेत याला राज्य कसे करावे हे सांगतो. पण सांगणारा जिवंत नाही. राजा मेलेला आहे, त्याचा खून झालेला आहे, आणि त्या खुनाची हकीकत तो स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे.

कोणालाही जवळ करू नये, सख्ख्यांनाही नाही, असा त्याचा उपदेश. त्याने दीनांना दिले, पोरक्यांना वाढविले, आणि त्याच्या अन्नावर पोसलेलेच उलटले. मग ती रात्र येते. जेवण झालेले, राजा दमून पलंगावर पडलेला, डोळा लागत आलेला. तेवढ्यात शस्त्रांचा आवाज. जागा होऊन पाहतो तो रक्षकांतच झुंज जुंपलेली. शस्त्र वेळेवर हाती आले असते तर आपण त्यांना पळवून लावले असते, असे तो म्हणतो. आणि रात्रीच्या वेळी, एकट्याने, कोणाचे काय चालणार, हेही तोच कबूल करतो. हल्ल्याच्या या वर्णनात मारेकऱ्याचे नाव नाही, शाप नाही, देवाचा धावा नाही. ज्या पदाला झोप नव्हती त्या पदावरचा माणूस झोपलेला सापडला, एवढेच.

पुढची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या पराक्रमांची यादी राजा या हकीकतीच्या नंतर देतो. त्याच्या राज्यात कोणी उपाशी राहिले नाही, त्याने सिंह नमविले, मगरी धरल्या, दक्षिणेकडील नुबियाला जिंकले, सोन्याने मढविलेला वाडा बांधला. हीच यादी आधी आली असती तर ती नेहमीची प्रशस्ती ठरती. खुनानंतर आल्यामुळे तिचा सूर पालटतो. दिलेले सारे चुकते झाले आणि शिल्लक काही उरली नाही, असा तो हिशेब वाटतो.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज पोझनेर यांनी १९५६ साली या काळातील वाङ्मयाचा राजकारणाशी असलेला संबंध उलगडून दाखविला. नव्या राजवंशाला आधार देण्याकरिता अशा रचना लिहविल्या गेल्या, हे त्यांचे म्हणणे मोलाचे आहे. सेनुस्रेतला वारस म्हणून पुढे आणणे हा या काव्याचा हेतू असेलही. परंतु तेवढ्यासाठी बापाला निःशस्त्र, गाफील, अंथरुणातून दचकून उठणारा दाखविण्याची गरज नव्हती. त्याच राजाच्या मृत्यूने सुरू होणाऱ्या सिनुहेच्या कथेत राजाला मरण येते ते केवढ्या शिष्टाचाराने! राजवटीच्या ३०व्या वर्षी देव आपल्या क्षितिजात प्रवेश करता झाला, आकाशाला मिळाला, अशी ती दरबारी भाषा. खून की काय, याचा उच्चार नाही. मात्र बातमी कानी पडताच सिनुहे थरथर कापत देश सोडून पळतो. प्रचाराला तेवढे पुरे होते. 'शिकवण'कार त्यापुढे गेला. पुढील काळातील एका पपायरसात हे काव्य खेती नावाच्या लेखकाचे म्हणून सांगितले आहे. तसे असेल तर त्याच्या धैर्याला आम्ही दाद देतो.

दुसरी रचना सर्वज्ञात. दुसऱ्या रामसेसने इ.स.पू. १२७४च्या सुमारास कादेश येथे हित्ती राजा मुवतल्ली याच्याशी लढाई केली. तिचे काव्य त्याने अबायडोस, कर्नाक, लक्सर अशा मंदिरांच्या भिंतींवर कोरविले. फौज पळून गेलेली, भोवती शत्रूचे अडीच हजार रथ, आणि राजा एकटा. तो आमोन देवाला जाब विचारतो: बापाने लेकाला विसरावे काय? बांधलेली मंदिरे, वाहिलेली दाने तो मोजून दाखवितो. देवाचा हात येतो आणि शत्रूची दाणादाण उडते. गंमत अशी की हा 'एकटा' राजा रथात आहे आणि त्या रथावर मेन्ना नावाचा सारथी आहे. भीतीने गळाठलेल्या या सारथ्याला धीर देण्याचे कामही राजालाच करावे लागते. आपल्या दोन घोड्यांचे मात्र राजा नावे घेऊन आभार मानतो. लढाईनंतर कादेश हित्तींकडेच राहिले आणि सुमारे पंधरा वर्षांनी उभयतांत तह झाला. त्या तहाची हित्तींकडील मृत्तिकापाटी १९०६च्या बोगाझकोई येथील उत्खननात सापडली, तेव्हा भिंतीवरच्या विजयाचे खरे माप कळले.

कादेशचे काव्य ओजस्वी आहे यात वाद नाही. पण त्यातला एकाकीपणा हा अलंकार आहे. देव येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. अमेनेमहातची मंदिरे, दाने, पराक्रम तितकेच. पण त्या रात्री ती कामी येत नाहीत. संस्थानी दरबारांच्या आठवणींवर वाढलेल्या आपल्यासारख्या घरांतून कादेशची भाषा लवकर कळते. दुसरीही अगदीच परकी नाही. रक्षकच उलटले म्हणताच ३० ऑगस्ट १७७३चा शनिवारवाडा कोणाला आठवणार नाही? आपल्या लोकस्मृतीने नारायणरावांच्या तोंडी काकांना मारलेली एक हाक तेवढी ठेवली. इजिप्तच्या कवीने मारल्या गेलेल्या राजाला सबंध भाषण दिले.

आणि ते टिकले कसे, तर पोरांच्या अभ्यासामुळे. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, आजच्या देर-एल-मदीना येथे, या काव्याचे तुकडे उतरलेल्या खापऱ्या व चुनखडीच्या कपच्या मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. लेखनिक होऊ पाहणारी मुले ते घोटत. चुकाही पुष्कळ करीत. राजा विश्वासघाताने मेला, हे काव्याच्या काळानंतर सातशे वर्षांनी त्या मुलांना धड्यासारखे पाठ होते.

त्याच वस्तीतील कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्य थकल्यामुळे काम बंद पाडले. तीनेक वर्षांत त्या राजाविरुद्ध त्याच्याच अंतःपुरात कट झाला. खटल्याची हकीकत तुरीन येथील पपायरसात आहे; आरोपींची नावे मुद्दाम बिघडवून, अभद्र करून लिहिली आहेत, आणि काही न्यायाधीशही आरोपींशी संगनमत केल्यामुळे नाक-कान गमावून बसले. राजा वाचला की मेला, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. २०१२ साली त्याच्या ममीच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेदिनेत हाबूच्या भिंतीवर हा राजा आजही शत्रूंवर शस्त्र उगारून उभा आहे. ममीच्या गळ्याभोवती तागाच्या पट्ट्यांचे जाड वेष्टन होते. त्याखाली हाडापर्यंत गेलेली कापल्याची जखम होती, आणि जखम भरून यावी म्हणून शवसंस्कार करणाऱ्यांनी तिच्यात होरसच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता.