संयुक्त ग्रंथशोध : व्याप्ती आणि प्रामाण्य

ग्रंथालयांची विदागारे संगणक-जाळ्याने जोडावीत आणि वाचकाला एकाच ठिकाणी बसून त्या सर्वांचा शोध घेता यावा, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तिच्या समर्थनार्थ जे लिहिले जाते त्यात जोडलेल्या ग्रंथालयांची संख्या, नोंदींची संख्या आणि शोधाची गती या तीन गोष्टींवर भर असतो. या तिन्ही गोष्टी व्याप्तीच्या आहेत. संशोधकाच्या दृष्टीने मात्र व्याप्तीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, प्रामाण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शोधाचे उत्तर 'सापडले' असे आले तर ग्रंथ मागवून ते पडताळता येते. ते 'नाही' असे आले तर पडताळणीचे कोणतेच साधन वाचकाच्या हाती उरत नाही. आपल्या प्रबंधांच्या पूर्वसंशोधनविषयक प्रकरणात 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी अभ्यास झालेला नाही' असे विधान वारंवार आढळते. ते अशाच एखाद्या नकारावर उभे असण्याचा संभव मोठा आहे. शोधाचे क्षेत्र जितके विस्तृत तितका हा नकार अधिक अधिकारवाणीचा वाटतो. तो तसा मानता येईल काय, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम या व्यवस्थेचे श्रेय तिला दिले पाहिजे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्रॅम यांच्या नेतृत्वाखाली ग्रंथनोंदीचा यंत्रवाच्य आराखडा सिद्ध झाला. तो 'मार्क' या नावाने ओळखला जातो. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ साली एक सहकारी केंद्र स्थापन केले आणि १९७१ पासून तेथे जाळ्यावरील सामाईक तालिकीकरण सुरू झाले. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याने वापरावी, हे त्याचे तत्त्व होते. पुढे १९८८ मध्ये 'झेड ३९.५०' हा संकेत प्रमाणित झाला आणि भिन्न आज्ञावलींवर चालणाऱ्या तालिकांना एकमेकींशी बोलता येऊ लागले. भारतात त्याच वर्षी दिल्लीत डेलनेटचा आरंभ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ मध्ये सुरू होऊन १९९६ मध्ये स्वायत्त केंद्र बनला. विद्यापीठ-ग्रंथालयांची संयुक्त तालिका 'इंडकॅट', प्रबंधांचा संग्रह 'शोधगंगा' आणि महाविद्यालयांना नियतकालिके व ग्रंथ उपलब्ध करून देणारी 'एन-लिस्ट' ही याच केंद्राची कार्ये होत. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहाची मर्यादा दोन-चार कपाटांतच दिसून येते, त्याच्या विद्यार्थ्याला या योजनांनी जे दिले ते पूर्वीच्या कोणत्याही व्यवस्थेने दिले नव्हते, हे निःसंशय.

परंतु ही व्यवस्था चालते कशी, हे पाहिल्याखेरीज तिच्या उत्तरांचे मोल कळत नाही. संयुक्त शोधाच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वाचकाचा प्रश्न एकाच वेळी अनेक तालिकांकडे पाठविला जातो आणि आलेली उत्तरे एकत्र करून दाखविली जातात. 'झेड ३९.५०' ची रचना या पद्धतीला अनुकूल आहे. प्रश्नासोबत 'हा शब्द ग्रंथनामात पाहा', 'हा ग्रंथकाराच्या नावात पाहा' असे निर्देश जातात. पण ग्रंथनाम म्हणजे नोंदीतील नेमकी कोणती क्षेत्रे, हे प्रत्येक तालिका आपापल्या परीने ठरविते. एखादी तालिका वेळेत उत्तर देत नाही, तेव्हा तिचे मौन आणि तिचा नकार यांतील भेद वाचकाला दिसेलच असे नाही. दुसऱ्या पद्धतीत सर्वांच्या नोंदी आधीच गोळा करून त्यांची एक तालिका बांधली जाते. येथे गती अधिक आणि उत्तर स्थिर. मात्र गोळा केलेली नोंद मुळात जशी असेल तशीच राहते, आणि मूळ ग्रंथालयाने नंतर केलेली दुरुस्ती पुन्हा नोंदी गोळा केल्याशिवाय येथे पोहोचत नाही. दोन्ही पद्धतींत जाळे नोंदी वाहून आणते, नोंदी करीत नाही. यास्तव जाळ्याची खरी परीक्षा त्याच्या केंद्रस्थानी होत नाही. एखाद्या दूरस्थ विषयाचा शोध घेतानाच ती होते.

अशा परीक्षेसाठी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा हे तालुक्याचे ठिकाण घेऊ. आपल्या परिसराच्या इतिहासावर अभ्यास करू इच्छिणारा धानोऱ्याचा विद्यार्थी प्रथम 'गडचिरोली' हा शब्द योजील. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे लेखन चंद्रपूर या नावाखाली आणि त्याही पूर्वीचे चांदा या नावाखाली आहे. मध्य प्रांताच्या गॅझेटिअर-मालेतील १९०९ चा खंड 'चांदा' या नावाचा आहे. 'गडचिरोली' या शब्दाला तो उत्तर देणार नाही. कारण ग्रंथनामात हा शब्द नाही आणि तो निघाला तेव्हा हा जिल्हाही नव्हता. ज्या तालिकेने चांदा, चंद्रपूर आणि गडचिरोली यांचा परस्परसंबंध आपल्या निर्देशी नोंदींत दाखविला असेल तीच हा ग्रंथ पुढे ठेवील. एका तालिकेत हा दोष असेल तर एका ग्रंथालयातील ग्रंथ हुकतो. शंभर तालिकांत असेल तर शंभर ठिकाणी असलेला ग्रंथ हुकतो आणि वाचकाची समजूत मात्र शंभर ठिकाणी पाहिल्याची होते.

प्रशासकीय सीमांचा दुसराही परिणाम आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. त्याआधीचे या भागावरील बहुतेक विद्यापीठीय संशोधन नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत झाले असणार, हे ओघानेच येते. वनप्रदेश मात्र विद्यापीठांच्या सीमा पाळीत नाही. ग्रिगसनचा बस्तरच्या माडियांवरील १९३८ चा ग्रंथ आणि फ्युरर-हायमेनडॉर्फचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ चा ग्रंथ यांचे विषयक्षेत्र आज अनुक्रमे छत्तीसगढ आणि तेलंगणात मोडते. तथापि गडचिरोलीच्या अभ्यासकाला हे दोन्ही ग्रंथ टाळता येणार नाहीत. राज्याच्या सीमा ओलांडणारा शोध येथे खरोखरच उपकारक आहे. पण इंग्रजीत 'मारिया' असे लिहिलेले नाव आणि मराठीतील 'माडिया' हे नाव एकाच समाजाचे आहे, हे सांगणारी नोंद कोठेतरी असल्याशिवाय तो उपकार फलद्रूप होत नाही. भाषेच्या निर्देशाचीही हीच कथा आहे. भाषासंकेतांच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत गोंडीसाठी एकच संकेत होता. २००७ च्या विस्तृत यादीत माडियासारख्या रूपांना पृथक् संकेत मिळाले. जुन्या संकेताने केलेल्या नोंदींत हा भेद आपोआप उमटत नाही.

धानोरा तालुक्यातच मेंढा हे गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे ते 'लेखा-मेंढा' या नावाने प्रसिद्ध आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना झाली. त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आता शोधाची गंमत पाहावी. केवळ 'लेखा' हा शब्द दिल्यास लेखापरीक्षणाची पुस्तके पुढे येतील. केवळ 'मेंढा' दिल्यास पशुपालनाचीही येतील. दोन्ही शब्द एकत्र दिल्यास बोकिलांचे पुस्तक ग्रंथनामावरून हाती लागणार नाही, कारण त्या नावात 'लेखा' नाही. 'लेखा-मेंढा', 'मेंढा (लेखा)' आणि 'मेंढालेखा' ही तिन्ही रूपे प्रचारात आहेत. यंत्राच्या लेखी ती तीन निरनिराळी आहेत. या सर्वांना जोडणारे विषयशीर्षक तालिकाकाराने दिले असेल, तरच गावाच्या शेजारी राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावावरील पुस्तक जाळ्यातून सापडेल.

लिपीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे आणि मराठीपुरता विशेष गंभीर आहे. 'धानोरा' या शब्दाचे सामान्यरूप 'धानोऱ्या-' असे होते. त्यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: स्वतंत्र ऱ घेऊन, साध्या र ला नुक्ता जोडून, किंवा साधा र आणि हलन्त यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पहिले दोन प्रकार प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही. डोळ्यांना तिन्ही सारखेच. शिवाय 'धानोर' एवढाच आरंभीचा भाग देऊन शोध घेतला, तरी स्वतंत्र ऱ ने लिहिलेले 'धानोऱ्यातील' त्यात येत नाही, कारण तेथे र हे अक्षरच यंत्राला आढळत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या नोंदींत ते 'अ' ला चंद्र जोडून लिहिलेले असते आणि प्रमाणीकरणानेही दोहोंचे ऐक्य होत नाही. मराठी लेखनविषयक नियम १९६२ मध्ये निश्चित झाले. त्यापूर्वीच्या ग्रंथनामांतील 'कांहीं', 'नाहीं' यांसारखी सानुस्वार रूपे आजच्या वाचकाच्या बोटांना सुचत नाहीत. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ' हा विकल्प तर सर्वपरिचितच आहे.

रोमन लिपीतील नोंदींनी ही गुंतागुंत आणखी वाढविली आहे. भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीची मुख्य सूची सर्व भाषांच्या ग्रंथांसाठी रोमन लिपी वापरीत आली. अनेक लिप्यांच्या देशात एकसूत्रता आणण्याचा तो हेतुपूर्वक केलेला प्रयत्न होता आणि त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण शास्त्रीय लिप्यंतरात 'गडचिरोली'तील अनुच्चारित अकारही लिहिला जातो आणि 'च' साठी एकच अक्षर येते. प्रचारातील रोमन रूप याहून वेगळे असते. परिणामी त्याच गावाचे देवनागरी, शास्त्रीय रोमन आणि व्यावहारिक रोमन असे तीन अवतार तालिकांत नांदतात. ग्रंथकारांच्या नावांचेही तेच. 'वि. का. राजवाडे', 'राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ' आणि त्यांची रोमन रूपे एकाच व्यक्तीची आहेत, हे वाचक जाणतो. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे सर्व दोष तात्पुरते आहेत. संपूर्ण पाठाचा शोध आणि नवी बुद्धिमान यंत्रे ते दूर करतील. या आक्षेपात तथ्य आहे. अक्षरांच्या रूपभेदांचे एकीकरण यंत्राकडून होण्यासारखे आहे आणि ते व्हावयासच हवे. रूपसादृश्यावरून 'ग्रन्थ' आणि 'ग्रंथ' यांची जोडणीही शक्य आहे. परंतु १९०९ चा 'चांदा' आणि आजचा 'गडचिरोली' यांचा संबंध रूपसादृश्याचा नसून इतिहासाचा आहे. जुन्या चांदा जिल्ह्याच्या एका भागाचाच आज गडचिरोली जिल्हा झाला आहे. म्हणून दोन्ही शब्द समानार्थी मानणेही चुकीचे ठरेल. महाराष्ट्रात धानोरा नावाची गावे अनेक आहेत. त्यांपैकी नोंदीतील धानोरा कोणता, हे ग्रंथ उघडून पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. आणि ज्या ग्रंथाची नोंदच कोणी केली नाही, त्याचा शोध कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

या संदर्भात मराठीच्याच एका कार्याचे स्मरण उचित होईल. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीच्या दोन खंडांत १८०० ते १९५० या दीड शतकातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद केली. संगणक नव्हता, जाळे नव्हते. ठिकठिकाणच्या ग्रंथसंग्रहांत विखुरलेले ग्रंथ एका सूचीत आणणे हे सारे माणसाच्या श्रमांनी झाले. दात्यांच्या सूचीची व्याप्ती आजच्या संयुक्त तालिकांपुढे अल्प आहे. तथापि तिच्यात एक गुण आहे जो या तालिकांत सहसा आढळत नाही: तिने आपल्या शोधाची सीमा सांगितली आहे. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत, मुद्रित, मराठी. त्यामुळे एखादा ग्रंथ त्या सूचीत नाही, या विधानाला निश्चित अर्थ आहे. आजच्या संयुक्त शोधाच्या नकाराला असा निश्चित अर्थ नाही, कारण त्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे तो सांगत नाही.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संयुक्त शोधाने उत्तरासोबत आपली सीमा प्रकट केली पाहिजे: कोणत्या तालिका पाहिल्या, कोणत्यांनी उत्तर दिले नाही, कोणत्या लिपीत आणि कोणत्या रूपाने शोध घेतला. दुसरी, स्थळनामे, जमातींची नावे आणि ग्रंथकारांची नावे यांच्या निर्देशी नोंदी मराठीत तयार करणे हे काम दूरच्या केंद्रावर सोपवून भागणार नाही. मेंढा, लेखा आणि धानोरा यांची रूपे कोणती, हे गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रंथपालांना आणि अभ्यासकांना जितके नेमके ठाऊक आहे तितके इतरांना असणे संभवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखालील गावोगावच्या ग्रंथालयांच्या दाखल-नोंदवह्यांत जे स्थानिक मुद्रित साहित्य पडून आहे, त्याची पहिली यंत्रवाच्य नोंद तेथेच व्हावयास हवी.

तिसरी गोष्ट आपल्या विभागांच्या अधिकारातील आहे आणि तिला कोणत्याही अनुदानाची प्रतीक्षा करावी लागत नाही. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात 'अभ्यास झालेला नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून मार्गदर्शकाने त्या नकाराचा तपशील मागावा: कोणत्या तालिका, कोणते शब्द, कोणती लिपी, कोणती जुनी व नवी नावे, कोणत्या दिवशी. हा तपशील प्रबंधात एका पृष्ठाहून अधिक जागा घेणार नाही. परीक्षकाने तो वाचावा आणि त्यात 'चांदा' हा शब्द नसेल तर तसे विचारावे.