लहान नळीचें औदार्य

बदक-हंसांच्या शिकारकथांतून एक समजूत वारंवार डोकावते: १२ बोअरऐवजीं २० बोअरची बंदूक घेणारा शिकारी पक्ष्याविषयीं अधिक उदार असतो. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

ज्या नळीच्या मापाच्या १२ शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ती १२ बोअर. म्हणून आंकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. बाराच्या काडतुसांत साधारणतः ३२ ग्रॅम छर्रे असतात, विसाच्यांत २५. वेग जवळजवळ सारखाच. उणी पडते ती छऱ्यांची संख्या. अंतर वाढलें कीं छर्रे विरळ होतात, आणि पक्षी मरण्याऐवजीं जखमी होऊन लव्हाळ्यांत दडतो. तेव्हां औदार्य नळींत नसून, पक्षी जवळ येईतों हात आवरण्यांत आहे.

शिकारकथाकार मात्र पडलेले पक्षी मोजतो, निसटलेले घायाळ मोजीत नाहीं. हा केवळ दयेचा नव्हे, सत्यकथनाचाही दोष होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, १९९१ च्या दुरुस्तीनें या शिकारीस मुभा उरली नाहीं. नवेगावबांधचीं बदकें आपण नागपूरकर आतां दुर्बिणींतूनच पाहतों. जुन्या शिकारकथा अवश्य वाचाव्या. पण लव्हाळ्यांतील तो न मोजलेला पक्षी आठवून वाचाव्या.