ग्रंथशोधाची नवी साधने

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांपैकी प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक लाभावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही दोन या दुसऱ्या गोष्टीसंबंधीच आहेत. या कामाकरिता महाविद्यालयीन ग्रंथालयांत जी नवी साधने आली आहेत, त्यांचे गुणगान पुष्कळ ऐकू येते. त्यांची परीक्षा मराठी वाचकाच्या दृष्टीने करून पाहावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम जमेची बाजू मान्य केली पाहिजे. आमच्या विद्यार्थिदशेत तालिकेचे खण ओढून एकेक कार्ड चाळावे लागे. आता ग्रंथ, नियतकालिके व प्रबंध यांचा शोध एकाच चौकटीत एकदम घेता येतो. आणि अगदी अलीकडची साधने तर साध्या वाक्यात विचारलेला प्रश्न घेऊन शब्दांऐवजी अर्थ जुळवू पाहतात. ‘शोधगंगे’मुळे विद्यापीठांच्या कपाटांत पडून राहिलेले प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. 1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेने 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्थांना खुली केली. हा लाभ लहान नव्हे.

परंतु प्रश्न मराठी मुलखाचा असला म्हणजे काय होते? रहिमतपूरच्या एका विद्यार्थिनीस आपल्या गावातील रणदुल्लाखानाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कबरीविषयी लिहावयाचे होते. ‘रहिमतपूर’ असे लिहून तिने शोध घेतला, तेव्हा थोडेसे हाती लागले. ‘रहिमतपुर’ असे लिहिताच निराळेच काही निघाले. कारण उघड आहे. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, हा नियम 1962 सालचा. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात ‘पुर’ही सर्रास आढळतो. त्याच वर्षी अनुच्चारित अनुस्वारही गेले. म्हणजे ऱ्हस्वदीर्घाच्या एका खुणेने आजचा वाचक आपल्या आजोबांच्या ग्रंथांपासून तुटतो. सातारा जिल्ह्याच्या 1885 च्या इंग्रजी गॅझेटिअरात या स्थळाची माहिती आहे. पण रोमन लिपीत खानाचे नाव तीन-चार परींनी लिहिले जाते. अर्थ जुळविणारे यंत्र यातील काही अंतर भरून काढील, नाही असे नाही. मात्र त्यासाठी मूळ मजकूर त्याला नीट वाचता आला पाहिजे. जुन्या पानाचे छायाचित्र घेतले, तरी त्यातील अक्षरे यंत्राने ओळखीपर्यंत ते केवळ चित्रच असते. आणि झिजलेल्या खिळ्यांची जोडाक्षरे ओळखताना ते वारंवार चुकते.

याहून गंभीर दोष निराळा आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागावर 1800 ते 1937 अशी मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. तिच्यापलीकडचे ग्रंथ अन्यत्र शोधावेत, हे वाचकास तेव्हाच कळते. नवे यंत्र दहा नोंदी पुढे करते. आपण काय पाहिलेच नाही, हे सहसा सांगत नाही. स्वतः उत्तर रचणारी यंत्रे तर एक पाऊल पुढे जाऊन, नसलेले आधारही निर्माण करतात. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा यंत्राने कल्पिलेले निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना दंड झाला. तेथे लबाडी उघडकीस आली, कारण निवाडे ताडून पाहणारे कोणी होते. आमच्या विद्यार्थिनीची हानी मात्र कोणाच्याच लक्षात आली नसती. ‘आमच्या गावाविषयी कोणी काही लिहिलेलेच नाही,’ असे ती समजून चालली असती.

यास्तव साधने टाकावीत, असे आमचे म्हणणे नाही. जुन्यानव्या लेखनाची रूपे एका नोंदीखाली आणणे, गावोगावच्या वाचनालयांतील जुन्या ग्रंथांची शुद्ध यादी करणे, हे काम मात्र जाणत्या माणसांनीच आधी केले पाहिजे. दाते यांनी ते यंत्रावाचून केले. आज यंत्रे हाताशी असता आपण ते न केले, तर दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.