पातळ म्हणजे किती पातळ?

मराठी पाकपुस्तकांत मीठ चमच्याने मोजतात, खोबरे वाटीने. रश्श्यातले पाणी मात्र बहुधा ‘अंदाजाने’ घालायचे असते. गेली वीसेक वर्षे मी ही पुस्तके जमवतो आहे. (त्यासाठी पदवी लागत नाही, रद्दीवाल्याशी ओळख लागते.) लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 1910च्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’पासून आजच्या गुळगुळीत कागदावरल्या पुस्तकांपर्यंतचे हे कपाट चाळताना, हा अंदाज कोणाचा आणि कशावरून बांधलेला, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

माझ्या मते तो पातेल्यावरून नव्हे, ताटावरून बांधलेला असतो. ‘कालवण’ हा शब्दच पाहा. तो ‘कालवणे’ या क्रियापदातून आला. म्हणजे पदार्थाचे नाव पडले ते चुलीवर काय झाले यावरून नाही, खाणाऱ्याच्या बोटांनी पुढे काय केले यावरून. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी निथळून केलेली कटाची आमटी, काही भागांतली येळवणी, पाण्यासारखी असते, कारण शेजारी जड पुरणपोळी आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या मासवडीत मासा नसतो; बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचे सारण. ती कोरडी, म्हणून रस्सा झणझणीत आणि पातळ, बाजरीची भाकरी त्यात कुस्करता यावी असा. मिसळीचा कट दाट केला तर फरसाणाचा लगदा होतो.

कोल्हापूरचे उदाहरण सर्वांत बोलके. मटण शिजवलेले एकच अळणी पाणी. त्यातले काही कांदा-लसूण मसाल्यात जाऊन तांबडा रस्सा होते, काही नारळाचे दूध, खसखस, काजू यांच्या वाटणात जाऊन पांढरा. फोडी बाजूला काढून सुके मटण. पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून पितात. अनेक खानावळींत मटण मोजून मिळते आणि रस्सा हवा तितका. हा हिशेब लक्षात घेतल्याशिवाय त्या ताटाची चव सांगणारा समीक्षक मला अर्धपोटी वाटतो.

आता ‘ग्रेव्ही’कडे येऊ. हॉटेलच्या भटारखान्यात सकाळीच लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या तयार असतात. शंभर पदार्थांचे मेनूकार्ड दहा मिनिटांत सांभाळायचे तर दुसरे काय करणार? तक्रार त्याबद्दल नाही. ती ग्रेव्ही रोटीच्या तुकड्याने उचलण्यासाठी बेतलेली आहे. तिच्यात भाकरी कुस्करून पाहा. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा पदार्थ याच भटारखान्यातला. माझी तक्रार आहे ती नव्या पाकपुस्तकांबद्दल. रस्सा, कट, सार, हुमण या सगळ्यांना ती सरसकट ग्रेव्ही म्हणतात आणि कशाशी, कसे खायचे हे सांगणारा उरलासुरला धागाही तोडून टाकतात.

या संदर्भात दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (1970) वाटी-चमच्याच्या मापामुळे घरोघरी पोचले, आणि ते यश खरे आहे. पण माप आधी ठरते तेव्हा जेवणारी तोंडेही आधी ठरलेली असतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये (2015) मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद आहे. तिथे तूप-दुधाची चैन नाही, तेलही जपून. ते पुस्तक वाचल्यावर ‘अंदाजाने पाणी’ या दोन शब्दांचा अर्थ माझ्यापुरता बदलला. पाव किलो मटणात दोन माणसे वाढली की पाणी वाढते. तिथला पातळपणा हा रुचीचा प्रश्न नसून वाटपाचा आहे, आणि पातळ रश्श्याला ‘पाणचट’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो कधी मोजलेला नाही.

पाककृती लिहिणाऱ्यांकडून माझी मागणी साधी आहे: रश्श्याखाली एक ओळ जादा छापा. कुस्करून, बुडवून, भातावर घेऊन की पिऊन? आणि भाकरी असेल तर कोणती, कधीची, तेही लिहा. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी आणि सकाळची उरलेली भाकरी सारखा रस्सा पीत नाहीत. शिळीला जवळपास वाटीभर जास्त लागतो.