रिकाम्या समेचं संगीत

रूपक तालात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर येते. डग्गा घुमेल असं वाटतं तिथेच तो गप्प राहतो आणि गाणं तरंगत पुढे जातं. जमैकाचं रेगे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला रूपकाचीच आठवण झाली. चार मात्रांच्या त्या ठेक्यात पहिली मात्रा मोकळी असते; बेस ड्रम आणि स्नेअर एकत्र पडतात ते तिसऱ्या मात्रेवर. वादक याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक, कोरडा फटकारा येतो आणि उरलेल्या जागेत बास गिटार गाते. या संगीताची सारी वाटचाल जागा मोकळी करत जाण्याची आहे. त्याची आजची प्रकृतीही याच कसोटीवर तपासायला हवी, असं मला वाटतं.

सुरुवात मात्र भरगच्च होती. १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये ‘साउंड सिस्टिम’ वाजत. प्रचंड स्पीकर, अमेरिकी रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणि उघड्यावरचा नाच. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे तिथले कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रणं सुरू केली, उलट मात्रेवरचा जोर वाढत गेला आणि स्का जन्मला. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या आनंदाला हीच चाल मिळाली. १९६४ साली जमलेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदातले अनेक वादक अल्फा शाळेत घडले होते. कॅथलिक धर्मभगिनींच्या या शाळेत गरीब, निराधार मुलांना बँड शिकवला जाई. त्यांच्यातल्या डॉन ड्रमंडचा ट्राँबोन ऐकावा. पाय नाचत असतात आणि सूर मात्र आतून हलवतो. हा वाद्यवृंद जेमतेम सव्वा वर्ष टिकला, पण पुढचं सगळं त्याच्या खांद्यावर उभं आहे.

१९६६च्या सुमारास लय संथ झाली, ब्रास वाद्यं मागे सरली, बास पुढे आली. हे रॉकस्टेडी, आल्टन एलिसचा गळा त्यात खुलला. १९६८ साली टूट्स आणि मेटल्सच्या गाण्यानं ‘रेगे’ हा शब्द तबकडीवर आणला. मग किंग टबी आला. विजेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या या माणसानं मिक्सरलाच वाद्य केलं. गायकाचा आवाज काढून टाकायचा, ड्रम आणि बास ठेवायचे, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. हे ‘डब’. वजाबाकीतून एवढं मोठं संगीत उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. बॉब मार्लीचे शब्द जगभर पोचले, त्यामागेही त्याच्या साथीदार बॅरेट बंधूंच्या ड्रम आणि बासनं त्या शब्दांभोवती राखलेली मोकळी जागा आहे.

आज काय दिसतं? १९८५ साली ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर बेतलं गेलं आणि जमैकन संगीत संगणकाकडे वळलं. काही रसिक इथूनच ऱ्हास मोजतात. ते मला मान्य नाही. तो ठेकाही काटकसरीचाच आहे. जागा बुजवली ती १९९०च्या दशकातल्या अमेरिकी स्का-पंकनं. वेग वाढला, गिटारच्या खरखरीनं सगळे कोपरे भरले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ‘स्पेशल्स’ या स्का बँडनं १९८१ साली ‘घोस्ट टाउन’मध्ये ओसाड शहराचं चित्र अगदी मोजक्या सुरांत उभं केलं होतं, तो संयम पुढच्या पिढीनं हरवला.

रेगेचं दुखणं निराळं आहे. २०१८ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, ते योग्यच झालं. पण वारसा म्हटलं की पूजा सुरू होते. २०२५ साली रेगे अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो मार्लीचीच गाणी इतरांनी गायलेल्या संग्रहाला. मार्लीवर माझं जिवापाड प्रेम आहे, म्हणूनच हे खटकतं. तोच पुरस्कार २०२० साली एकोणीस वर्षांच्या कॉफी या गायिकेनं मिळवला होता. गायक क्रॉनिक्स प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकांचा संच घेऊन गातो. उद्याची वाट अशा लोकांकडे आहे.

धोका आणखी एका बाजूनं आहे, तो ऐकण्याच्या. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून बास ऐकूच येत नाही. उरतो फक्त गिटारचा फटकारा. हे संगीत छातीनं ऐकायचं आहे, म्हणून तर साउंड सिस्टिम टिकायला हव्यात. २०१६ साली गोव्यात ‘सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला तेव्हा मला आनंद झाला तो याचसाठी. तुमच्याकडे मोठे स्पीकर नसतील तर निदान चांगले हेडफोन लावा, टबीचं एखादं डब निवडा आणि पहिल्या मात्रेची वाट पाहा. ती येणार नाही. पाय मात्र हलू लागलेले असतील.