यदूचा नकार आणि कौंडिण्यपूरचे सिंहासन

चांदूर रेल्वेच्या परिसरात वर्धेच्या काठी असलेले कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. तेथील सिंहासनाचा यदूच्या शापाशी असलेला संबंध मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आलेल्या ययातीने पुत्रांकडे तारुण्य मागितले. ज्येष्ठ पुत्र यदूने ते नाकारले. विषयसुख जाणल्यावाचून मनुष्य विरक्त होत नाही, असे भागवतात त्याचे म्हणणे आहे. हे उत्तर उद्धट खचितच नव्हे. स्वतः ययातीही पुढे भोगाअंतीच विरक्त झाला. तरीही महाभारतात त्याने शापिले ते यदूच्या संततीला: तिला राज्य मिळू नये! नकार एकाचा, आणि दंड अद्याप न जन्मलेल्यांना. हा न्याय कोणता?

भागवतातील श्रीकृष्ण हाच शाप पुढे करून सिंहासन नाकारतो; पण त्यावर तो ज्याला बसवितो तो उग्रसेनही यादवच. शिवाय ज्याच्या नावाने विदर्भ देश ओळखला जातो, तो विदर्भ राजाही भागवताच्या वंशावळीत यदुकुलातलाच, आणि त्याच देशात भीष्मक निर्वेध राज्य करीत होता. तेव्हा कृष्णाने सिंहासन सोडले ते शापाच्या बळाने नव्हे, स्वेच्छेने, असेच मानणे प्राप्त आहे.